किती फूट?

भाकरी मी मोडून वाढली, एवढंच झालं.
त्याला अख्खी हवी होती.
दुसरी अख्खी दिली तर ती नको, हीच हवी,
हीच, पण न मोडलेली.

नेमिष, वय साडेतीन,
स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा, टाचा आपटतोय.
खालच्या मगदूम काकू टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून.
पावसाळ्यात तासातासाला आकडे टंकते:
कोयनेतून विसर्ग इतका, आयर्विन पुलाशी पातळी इतकी.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
सांगलीत हे पोरांनाही पाठ असतं,
तेराच्या पाढ्याआधी.

म्हणून त्याच्याकडे बघत मी मनात मोजते.
ओठ मुडपला, बत्तीस.
नाकपुड्या फुलल्या, अडतीस.
बेचाळीसला समजवायला जाण्यात अर्थ नसतो,
तरी मी जाते:
"बाळा, पोटात गेली की तुकडेच होतात ना तिचे?"
तर्क ऐकून पूर कधी ओसरलाय?

मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
"हट्टी नाही हो तो. कपाळामागचा भाग, जो थांब म्हणतो,
त्याचं बांधकाम अजून चालू आहे.
विशी उलटते पुरं व्हायला."
घरी येऊन मी भरतेशला सांगितलं,
नदी आहे, पाऊस भरपूर आहे,
धरणाची भिंत अर्धी, आणि दरवाजे बसायचेत.
"आणि टेंडर पंचवीस वर्षांचं," तो म्हणाला.
हसलो दोघं.
मग म्हणाला, "तोवर?"

जाऊबाईंचं म्हणणं, दोन धपाटे घाल, सरळ येतो.
आमचा नाही का आला?
आला खरा.
जिन्यात आईच्या चपला वाजल्या
की अजून पुस्तक उघडतो,
बाविसाव्या वर्षी.

पण हे मी कुठल्या तोंडानं बोलते?
मागच्या गुरुवारी दुधाची पिशवी फुटली,
साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला,
आणि रिक्षा दारात उभी असताना यानं
शिवण बोटाला लागते म्हणून
मोजे तिसऱ्यांदा काढले.
मी ओरडले.
नुसती ओरडले नाही. हात उचलला,
आणि त्यानं डोळे मिटून मान आत घेतली,
जणू हे त्याला आधीपासून येत होतं.
छत्तीस वर्षांची आहे मी.
माझे दरवाजे केव्हाच बसलेत,
कागदोपत्री.

हात खाली आणला. फ्रिजवर ठेवला.
फ्रिज थंड लागला.

एकोणीसच्या पुरानंतर गावभागातल्या घरी परतलो
तेव्हा सासरे दारातूनच म्हणाले होते,
गाळ ओला आहे तोवर धुवा.
वाळला की गिलावा घेऊनच निघतो.

रिक्षा सोडून दिली.
जिन्यात त्याच्याखालच्या पायरीवर बसले
आणि म्हटलं, चुकलं माझं. मोजे खरंच टोचत होते.
त्यानं ऐकलं का, माहीत नाही.
तो कठड्यावरची मुंगी बघत होता.

आज भाकरीचं पाणी पंचेचाळीसच्या वर गेलं
आणि मी काहीच केलं नाही.
गॅस बंद केला, फरशीवर बसले,
त्याच्यापासून हातभर अंतरावर.
तव्यावरची करपली ती करपली.
बराच वेळ गेला.
मग हुंदके लांबले, मधे श्वास शिरला,
एक टाच आपटली, आठवण म्हणून.

"किती फूट?" मी विचारलं.
त्यानं हात छातीशी धरला,
थोडा विचार करून पोटाशी आणला.
मग माझ्या ओढणीला नाक पुसून
माझ्या कपाळावर तळवा ठेवला.
"तुजं?"

खरं सांगितलं मी.
"एकोणचाळीस."

"मंग बस," म्हणाला,
आणि मोडलेल्या भाकरीचा मोठा तुकडा
माझ्या हातात दिला.
खायला नाही हं,
धरायला.