शेपूट आखूड

कुडाळच्या दवाखान्यात पित्रेबाईंनी
टेबलावर दोन धागे ठेवले.
एक साधा, जांभळा. दुसऱ्याला काटे,
डोळ्यांना दिसेनात, पण बोटातून ओढला
तर एकीकडून मऊ, उलटा अडून बसे.
म्हटलं, गळाच्या आकड्यासारखा. जाईल, येणार नाही.
अगदी तसाच, त्या म्हणाल्या,
याला गाठ मारावी लागत नाही.

मी देवगडची, आनंदवाडीतली.
अकराव्या वर्षापासून हातात नायलॉन.
पिशवीत गाठी तीन, थोरली नारळाच्या बोंडाएवढी,
दोन रातांब्याएवढ्या.
गाठ काढायची आणि वर गाठच मारायची,
याचं मला आधीपासून हसू येत होतं.

मग कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
पिशवी, तिच्यावर शिवण, शेजारी आतड्याचं वेटोळं.
शिवण खरखरीत राहिली, गाठी वर आल्या
की आतडं येऊन चिकटतं. कधी नळीसुद्धा.
काटेरी धाग्याचं टोक लांब सुटलं
तर तेही धरून ठेवतं.
कुठला बरा मग?
खात्रीनं अजून कोणी सांगत नाही.
हे मला आवडलं.
लिलावात सगळे खात्रीनंच सांगतात.

मी सांगितलं, जाळ्यात गाठ मोठी झाली
की शेवाळ पहिलं तिथेच बसतं,
मग चिंबोरीचा पाय,
तो सोडवताना चार आस फाटतात.
सासरा बोलायचा कमी. जाळ्यावर बसला की एवढंच:
शेपूट आखूड ठेव गो.

नणंद फोनवर म्हणाली, पिशवीच काढ ना,
एकेचाळीस झाली, काय करायचीय?
मी रेंज गेल्यासारखं केलं.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, कुठला घातलात?
आत काटेरी, वरून साधा.
टोक अगदी आखूड कापलं, त्या म्हणाल्या,
आणि माझ्याकडे बघून हसल्या.
काही महिन्यांत विरघळेल म्हणे.
मग शिवण कशावर राहणार?
तोवर तुमचं मांस शिकतं.

आता तिसरा आठवडा.
पोटाला चार टिकल्या, एक बेंबीत.
चालायला सांगितलंय. धक्क्यापर्यंत जाते.
कुठे ओढ लागली की बर्फाच्या ट्रकला टेकते:
आत कोणी कोणाला धरलं का?
काही कळत नाही. ओढ जाते.

आत्माराम ओट्यावर जाळं घेऊन बसलाय.
वाईट विणतो. शेपटं बोटबोटभर.
वजन उचलायला मला मनाई आहे.
कात्रीचं असं किती वजन.