अंगठा

लेस्टरहून रात्री दोनला निघालो,
नॉर्मन चालवत, मी थर्मासमधला चहा सांडत.
सेंट अ‍ॅब्जच्या बंदरात खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर
सीगल भांडत होते,
पार्किंगच्या मशीनला फक्त नाणी चालत होती.

भांगाचे दिवस मुद्दाम निवडलेले,
पाण्याला ओढ कमी म्हणून.
वारा जमिनीवरून.
बाटलीत दोनशे दहा बार, समुद्र अकरा अंश,
बोटीचे पैसे भरलेले, परत न मिळणारे.

एल्स्पेथनं कड्याखाली इंजिन मंद केलं.
मी काठावर बसले, पाठ समुद्राकडे,
मास्कमध्ये थुंकून झालं, फिन्स चढवून झाले,
आणि तेव्हा चुकचुकली.
या देशात भिंतींवर पाली नसतात.
तरी चुकचुकली,
रबरी हुडाच्या आत, कानामागे.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं नव्हतं.
गिळल्यावर डावा कान जरा उशिरा उघडत होता.
आठवड्यात दोन रात्रपाळ्या झाल्या होत्या.
आणि नॉर्मननं वाटेत दोनदा विचारलं होतं,
किती बारला वळायचं,
मी दोनदा वेगवेगळा आकडा सांगितला होता.
एवढंच.
यातल्या एकेकट्याला मी हसून घालवलं असतं.

मन म्हणालं, पावणेतीनशे मैल.
मन म्हणालं, खाली गेलीस की होईल ठीक.
लग्नात आग्रहानं सहावी जिलबी वाढणारा
कुणीतरी असतो ना, तसं मन.

आमच्याकडे अंगठा दाखवला
म्हणजे मिळणार नाही, जा.
अंगठा उठवला म्हणजे लिहिता येत नाही.
इथल्या माणसांत अंगठा म्हणजे छान चाललंय.
पाण्याखाली त्याचा अर्थ एकच:
पुरे. वर.
त्यावर "का?" विचारायची खूण
आम्हाला कुणी शिकवलेलीच नाही.

मी तर अजून कोरडीच होते.
तरी वर केला.

नॉर्मननं पाहिलं. एकाहत्तर वर्षांचा,
आयुष्यभर सरकारी बस चालवलेला माणूस.
क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं,
ते त्यानं हातमोज्यानं पुसावं तसं पुसलं.
"बरं," म्हणाला,
आणि फिन्सचे पट्टे सोडायला वाकला.
एल्स्पेथनं पाटीवरची आमची नावं
न उतरताच खोडली, आल्याची बिस्किटं पुढे केली.
एक सील डोकं काढून बघत राहिला,
दुकान अवेळी बंद का, अशा तोंडानं.

दुसरी जोडी उतरली. पस्तीस मिनिटांनी वर आली,
ओठ निळे, डोळे चमकणारे.
पाणी काचेसारखं होतं म्हणे.
कपारीत वुल्फफिश, एक नाही, दोन.

म्हणजे मी बरोबर होते
याचा पुरावा खाली कुठेच नव्हता.
चूक असते तर सापडते.
मी नुसतीच बिस्किट खात बसले होते,
सूट कोरडा, केस कोरडे,
आणि कुणी काही बोलत नव्हतं म्हणून
पुन्हा पुन्हा बाटलीचा काटा बघत होते.
दोनशे दहा.

परतताना स्कॉच कॉर्नरला चिप्स खाता खाता
डावा कान टक् करून उघडला, आपोआप.
मी नॉर्मनला सांगितलं नाही.
त्यानंही नाही सांगितलं,
एकच गोष्ट त्यानं दोनदा का विचारली होती.