शिट्ट्यांचा हिशोब

मिरजेहून निघताना कुकर मीच घेतला,
पिशवीत, मांडीवर, तान्ह्या बाळासारखा.
हे म्हणाले, तिथे हॉटेलं असतात.
असतात. पण सहा दिवस, पाच माणसं,
त्यात मामंजींचं बीपी.
मी मनात आकडे केले आणि गप्प बसले.

आचऱ्याला धुरीबाईंच्या मागच्या दोन खोल्या.
एक शेगडी, एक खिडकी,
खिडकीत सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे
न दिसणारा, सारखा बोलणारा समुद्र.

पहिल्या रात्री भात कच्चा.
तीन शिट्ट्या. माझ्या आईचा, सासूचा, माझाही
उभ्या जन्माचा हिशोब तीन शिट्ट्यांचा,
आणि झाकण काढलं तर लालसर दाणे
दाताखाली खडीसारखे.
अजून दोन दिल्या. अजून दोन.
केतकी म्हणाली, आई, गाडी कुठल्या स्टेशनात आली?
शेवटी केळी खाल्ली,
शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटली
आणि सगळे लवकर झोपले,
उपाशी माणसांसारखे नाही, रुसलेल्यांसारखे.

सकाळी कुंपणापलीकडून धुरीबाई:
"उकडे तांदूळ गो ते. कुकरात खंय शिजतले?
टोपात घाल, पानी भरपूर घाल,
आणि इसरान जा."

विसरून जा.
स्वयंपाकाबद्दल असं मला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग संध्याकाळी टोप चढवला, आच बारीक केली
आणि चपला न घालता किनाऱ्यावर गेले.
दोनदा परत वळले, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्यांदा नाही वळले.
आल्यावर भात मऊ होता, पेज दाट,
आणि विजूवन्सं, ज्यांना माझ्या हातचं
लग्नात मांडव परतणं सोडून काहीच आवडलेलं नाही,
पेजेची वाटी तोंडाला लावून म्हणाल्या, अजून आहे?

बांगड्याची रात्र ह्यांची.
रापणीवरून शेपट्या धरून आणले, विजयी वीरासारखे.
साफ करायला दीड तास, तेरा खवले भिंतीवर.
तिरफळं बियांसकट ठेचली,
आमटी अशी कडू की मांजरसुद्धा विचारात पडलं.
तरी खाल्ली. ह्यांच्या तोंडाकडे बघत
प्रत्येकानं एकेक घास जास्त खाल्ला.
असं घरी आम्ही माझ्यासाठी कधी केलंय का,
हा प्रश्न मी ताटाबरोबर घासून टाकला.
पूर्ण निघाला नाही.

पाचव्या दिवशी वीज गेली.
खळ्यात चटई, मधे कंदील,
साधं वरण, भात, लिंबाची फोड,
तव्यावर परतलेली वाल पापडी.
धुरीबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.
मी म्हणाले, बसा की.
त्या म्हणाल्या, नको नको,
आणि म्हणता म्हणता हात धुऊन आल्या.

पहिला घास घेतला. दुसरा.
"मीठ थोडा कमी आसा."
मामंजींनी मान वर केली,
तीन वर्षांनी साक्षीदार सापडला होता.
"ऐकलंस, सूनबाई?"
कंदिलाची काच हलेल असं सगळे हसले,
मीही, जरा उशिरा.

धुरीबाईंनी पुन्हा भात घेतला. मग ताटाकडेच बघत:
"अकरा वर्सां खोल्यो दितंय भाड्यान.
जेवूक बस म्हणान आज पयल्यांदाच कोण म्हणला."
कुणी काही बोललं नाही.
केतकीनं त्यांच्या पानात लिंबू पिळलं, जास्तच.

आणि मग निघालो. सामान मोजलं, माणसं मोजली,
सोलं, काजू, विजूवन्सांची सुकी सुंगटं
वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, तरी वास येणारी.
फोंडा घाटात पाचव्या वळणावर
माझ्या लक्षात आलं,
मांडीवर काही नाही.

फोन वाजला. धुरीबाई.
"गो, तुजो कुकर हंयच रवलो मगे."
ह्यांनी गाडी हळू केली. वळवू का?

मी खिडकीची काच खाली केली.
म्हणाले, घाट तर संपू दे.