पान ११२

महापे, तिसरा मजला, रात्रपाळी.
खाली कटर पुस्तकांचे कणे उतरवतो.
ऊस मोडावा तसा आवाज, एकदाच.
मग पानं वर येतात,
म्हणजे पानं नाहीत, त्यांचे फोटो.
पानं जातात तुर्भ्याला, किलोवर.

माझं काम चुका काढणं.
मशीनला मराठी येतं,
नुकत्याच बदलून आलेल्या साहेबाला गाव माहीत असतं तितकं.
खाडीची ते रवाडी करतं, भाताचा मात,
आणि घर आलं की दर वेळी, हट्टाने, धर.

आजचं पुस्तक मिठागरांवरचं.
कुणी हरिश्चंद्र कडू, प्राथमिक शिक्षक, दिवाळे,
स्वखर्चाने तीनशे प्रती.
शेवटचा शिक्का सत्त्याऐंशीचा.
आता कुणीही वाचू शकेल, कुठूनही.
कुणीही म्हणजे कोण, ते मला सांगितलेलं नाही.
मीठ किती वेळा आलं, विचारा:
तीनशे एकोणीस. निमिषात.
कडू गुरुजींनी मोजलं नसणार.

पान ११२ वर अंगठा आलाय.
लॉगमध्ये नाव आहे, निवृत्ती भोईर, दिवसपाळी.
मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
चारशे टक्के मोठा करते:
नखात ग्रीस,
पेरावर तिरका जुना व्रण, कोयत्याचा असेल.
नियम असा, की अंगठा दिसल्यास पान परत मागवा.
कुठून मागवू?
तुर्भ्यात त्याचा पुठ्ठा होत असेल,
उद्या त्यातून कुणाकडे मिक्सर येईल.

अंगठ्याखाली एक शब्द पुरता झाकलाय.
'उधाण आलं की बाया आधी' काहीतरी 'बघायच्या.'
बांध? पोरं? आभाळ?
मी तिथे अवाच्य असं टाईप करते.
आमच्याकडे त्यासाठी वेगळं बटण आहे.

खालच्याच ओळीत, नखाच्या टोकाशी,
छापलंय:
'पाणी उंबऱ्याला लागलं. म्हातारी एवढंच म्हणाली, हे घर.'
मशीनने वाचलंय:
हे धर.

रात्रभरात दोनशे सहा घरं दुरुस्त केली मी.
बोट बॅकस्पेसवर आहे.
खाली कंपनीची बस दुसरा हॉर्न देते,
शेजारची तबस्सुम डबा आवरते, विचारते, झालं?

झालं, म्हणते.
धर तसंच ठेवते. अंगठाही.

पान ११३ स्वच्छ आहे.