दुकानेतीनदेणे

निकाल एकशे बारा पानांचा आहे.
भाच्याने फोनवर पाठवला, खाली लिहिलं,
"मावशी, तुझी केस."

माझी नव्हे. इंगवले विरुद्ध इंगवले.
मांडवीच्या अलीकडे बांगड्यांची जी ओळ आहे
तिच्यातली दुकानं.
मी फक्त मोडी वाचून दिली होती,
पानाला अठरा रुपये, पावतीसकट.

तेव्हा कोर्ट सुरसागराकाठी, न्यायमंदिरात होतं.
कबुतरं साक्षीदाराच्या डोक्यावर बसून सगळं ऐकायची.
कागद शके अठराशे पस्तीसचा,
घड्यांवर कसर लागलेली,
आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, एका दमात,
भावजयीसदुकानेतीनदेणे

मोडीत आधी रेघ ओढायची
मग तिला अक्षरं टांगायची.
शब्द कुठे संपला
ते ज्याने वाचायचं त्याने ठरवायचं.

भावजयीस दुकाने तीन देणे.
भावजयीस दुकाने ती न देणे.

दोन्ही मराठी. दोन्ही शुद्ध.
भिंग लावून मी दुपारभर त्या न कडे बघत होते.
तो कुणाचाच नव्हता.

जज्जसाहेबांनी एवढंच विचारलं, "बेन, चोक्कस?"
मी म्हटलं, हो.

त्यानंतर चौतीस वर्षं
मी या खटल्याच्या मागे मागे चालते आहे.
अहमदाबादचं अपील, मग दिल्ली.
तारखा माझ्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.
जाणकारांनी लिहिलेलं एकूण एक वाचलं,
कोश मांडीवर घेऊन.
एकाने मुदतीच्या कायद्यावर लिहिलं, एकाने रूढीवर.
नाशिकच्या एका प्राध्यापकांनी तर लिहिलं आहे
की विधवा भावजयीला तीन दुकानं देणारा हा माणूस
काळाच्या फार पुढे होता.

असेलही.

कुणीच लिहिलं नाही
की त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण
दोन ट्रंका घेऊन कारेलीबागेत आमच्या दारात उतरली होती,
आणि तिच्या दिराने रिक्षाचे पैसेसुद्धा दिले नव्हते.

परिच्छेद एकसष्ट:
लिप्यंतराबद्दल वाद नाही.
मी तो तीनदा वाचला.
एवढ्या मोठ्या निकालात
मी टाकलेली ती तांदळाएवढी मोकळी जागा
कुणाला दिसलीच नाही,
किंवा दिसून तिथे पाऊल ठेवायला कुणी धजलं नाही.

काल संध्याकाळी मांडवीला गेले.
हरलेले इंगवले दुकान आवरत होते,
म्हातारे, माझ्याच वयाचे,
एकेक डझन वर्तमानपत्रात गुंडाळून
खोक्यात अलगद ठेवत होते, जणू नव्या गिऱ्हाइकाला देताहेत.
त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नाही.
मी साक्षीला उभी होते तेव्हा ते नुकते मिशी ठेवू लागले असतील,
मी तरी केस काळे होते तशी कुठे आहे.

हिरव्या काढून समोर ठेवल्या त्यांनी.
"सगळ्या खरेदीच्या भावात. किती डझन?"

आकडा ओठांवर आला होता.
मला तो उच्चारवेना.

"द्या," म्हटलं, "दोन-चार."