चरा

लग्नाचा हंगाम सरला की राजारामपुरीत हॉल स्वस्त मिळतो.
तिथं वर्षातून एकदा आम्ही शंभर माणसं बसवतो,
पस्तीस ते पंचावन्न वयाची,
ज्यांच्या घरातलं कुणी रेडिओत कामाला नाही अशी.
प्रत्येकाला एक पेन्सिल, एक कागद,
सहाशे गाणी, आणि प्रत्येक गाण्याचे सात सेकंद:
मुखड्याची तेवढीच फोड, जिथं ओळख पटते.
पाच म्हणजे जीव की प्राण.
एक म्हणजे बंद करा.
आणि शेजारी एक बारका चौकोन:
आवडतं, पण आता पुरे झालं.

ह्या चौकोनाला मी घाबरते.
ज्याच्यावर जीव, त्याचाच वीट आधी येतो
हे मला लग्नाच्या आधी कळलं,
ह्याच कागदांवरून.

साडेतीनशे उरतात. बाकीची अडगळीत.
मग संगणक उरलेल्यांची पंगत मांडतो:
दोन संथ शेजारी नकोत,
एका गळ्याला दोन तास विसावा,
सत्तरच्या आधीचं तासाला एकच,
सकाळी आठला रडकं काही नाही,
माणूस फुलेवाडी नाक्यावर गाडीत असतो.
गुजरीतल्या सराफानं पाच दिलेलं गाणं
शिरोलीच्या फाउंड्रीत दोनवर येतं.
मी सरासरी काढते.
सरासरीला स्वतःचं घर नसतं,
पण ती सगळ्यांच्या दुकानात वाजते.

यंदा एक्केचाळीस नंबरच्या खुर्चीत बाळगोंडा मगदूम.
वय बसत नव्हतं. सून येणार होती, तिची पाळी बदलली.
नाश्त्याच्या प्लेटा मोजून आलेल्या, म्हणून बसू दिलं.
उद्यमनगरात चाळीस वर्षं मोल्डिंग,
बोटांत पेन्सिल काडीपेटीतल्या काडीसारखी.

दोनशे बाराव्या तुकड्याला त्यांनी ती खाली ठेवली.
"पुढं?"
पुढं नाही काका, एवढंच.
"मग आकडा कसा टाकायचा ओ मॅडम?
मुखडा काय, सगळ्यांचाच बरा असतोय.
हे गाणं दुसऱ्या कडव्यात हाय."

नव्याण्णव माणसं थांबली. पंखे फिरत राहिले.
गंगावेशीत, दूधकट्ट्याच्या समोर
मालगाव्यांचं हॉटेल होतं म्हणे,
आणि ह्या गाण्याच्या तबकडीवर एक चरा.
दुसऱ्या कडव्यात सुई 'परत'वर यायची
आणि उडायची.
परत ये, की परत जा?
रात्रपाळी सुटली की पैज लागायची,
हारेल त्यानं धारोष्ण दुधाचा पेला पाजायचा.
"यसबा म्हणायचा, जा.
मी म्हणायचो, ये.
निकाल लागायच्या आत हॉटेल बंद पडलं.
यसबाबी वापीला गेला, तिकडंच ऱ्हायला."

दुसरी तबकडी नाही का ऐकलीत कधी, मी विचारलं.
"कशाला?"

काका, एक ते पाच.
त्यांनी बराच वेळ कागदाकडं बघून दोन लिहिलं.
"न्हाई मॅडम, हे ते न्हवं.
हे लई साफ वाजतंय."

सरासरी आली दोन पूर्णांक एक.
तीनच्या खाली काही ठेवत नाही आम्ही,
मगदूमांनी पाच दिले असते तरी वाचलं नसतं,
मी हिशेब करून बघितला. दोनदा.

संध्याकाळी ऑफिसात कुणी नव्हतं.
अडगळीत ढकलायच्या आधी मी हेडफोन लावले.
मुखडा गेला. पहिलं कडवं गेलं,
मधली बासरी, जिचं आमच्या कागदावर काही नाव नाही.
दुसरं कडवं.
'परत'
आणि माझं बोट बटणावर कधी गेलं ते मला सांगता येणार नाही.

खाली सिग्नलला एका रिक्षात आमचंच स्टेशन लागलेलं,
चार पूर्णांक सहावालं गाणं, यंदाचं सगळ्यात वरचं.
रिक्षावाल्यानं दोन ओळी ऐकल्या,
एक जांभई दिली,
आणि हात पुढं करून स्टेशन बदललं.