बारापासून

इनास वेगसची उजव्या हाताची नखं
गावात चेष्टेचा विषय होती.
डाव्या हाताची मुळापर्यंत कापलेली, बोटांना तारांचे घट्टे;
उजव्याची लांब, काचपेपरने घासलेली,
वर फेव्हिक्विकचा थर.
मासळी साफ करायला बसायचा नाही.
‘नवरी आहे आमची,’ बहीण फिलू म्हणायची,
आणि त्याच्या वाटणीची मांदेली
स्वतःच पुढे ओढायची.

मी बर्फाच्या फॅक्टरीत पावत्या लिहायचो.
तो लाद्या न्यायला यायचा, गोणपाटावर टेकायचा,
गिटार मांडीवर घेऊन
आधी तिच्या लाकडावर नखाने दोनदा ठोकायचा,
घरात कोणी आहे का, विचारावं तसं.

तरुणपणी जहाजावर भटारखान्यात होता.
कावीळ झाली म्हणून कादिझला उतरवला, जहाज पुढे गेलं.
अकरा आठवडे. शेजारच्या खाटेवर म्हातारा न्हावी.
हा त्याच्याशी आपली कोर्लईची नॉ लिंग बोलला;
निम्मं त्याला कळलं,
निम्मं दोघांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवून घेतलं.
परत आला तेव्हा ट्रंकेत कपडे नव्हते.
सरूच्या लाकडाची गिटार होती.
(आपल्या किनाऱ्यावरचा सुरू नव्हे. तो वेगळा,
हे तो प्रत्येकाला सांगायचा, कोणी न विचारता.)

मला त्याने टाळ्या शिकवल्या. बारा मात्रा.
पण एकापासून नाही, बारापासून:
बारा, एक, दोन, तीन.
बारावर जोर, तीनवर, सहावर,
मग आठ, दहा, जवळजवळ,
होडीतून उतरताना पाणी वाटलं त्याहून उथळ निघावं
आणि पाय आधीच टेकावा, तसं.
‘सुरुवातच बारा वाजल्यापासून?’ मी म्हटलं.
‘वाजलेलेच आहेत. आता तू वाजव.’

सतरा रचना केल्या त्याने.
नोटेशन येत नव्हतं.
माझ्या पावत्यांच्या पाठीवर आकडे, जोराच्या आकड्याला गोल,
खाली नाव: दीपगृहाचा जिना.
जेटीवर डिझेल.
फिलू रागावली.
कुंडलिका, ओहोटी.
लग्नात कोणी ऐकून घेत नसे; नाचायचं काहीतरी लाव म्हणत.
देवळाच्या फेस्ताला एकदा वाजवलं.
पाद्री म्हणाले, छान, पण संपलं कधी?
‘दहावर,’ इनास म्हणाला. ‘दहावरच संपतं.’
‘मग अकरा?’
त्याने खांदे उडवले.

अलिबागहून दोन पोरं आली रेकॉर्डिंगला.
बर्फ फोडायचं मशीन बंद करा म्हणाली.
इनासने गिटार पेटीत ठेवली.
‘ते बंद केलंत, तर मी कशाच्या बरोबरीने वाजवू?’
शेवटी मशीनसकट घेतलं.
कॅसेटमध्ये मशीनच जास्त आहे,
मधूनमधून नखं,
आणि एका जागी माझी टाळी, चुकलेली, सातवर.
ती पुसू दिली नाही त्याने.

सोलेआ म्हणजे एकटेपण, असं सांगायचा.
पण त्यालाही टाळ्या देणारा
दुसरा कोणी लागतोच, हे सांगितलं नाही.
ते मला नंतर कळलं,
फिलूने गिटार तांदळाच्या पिंपातून काढून
माझ्यापुढे ठेवली तेव्हा.
पावसाळाभर ती तिथेच असायची, लाकूड फुगू नये म्हणून.
भोकातून तांदूळ सांडत राहिले,
आम्ही दोघं वेचत बसलो,
कोणी काही बोललं नाही.

पावत्या माझ्याकडे आहेत.
कुठली रचना, कुठला हिशेब, सगळं वेगळं करता येत नाही.
एकीवर पुढे: वेगस, लाद्या सहा, येणे बाकी.
मागे आकडे, गोल,
दहापर्यंत. नाव घातलेलं नाही.

मशीन अजून चालतं.
दुपारी ट्रक गेले की मी ओट्यावर बसतो,
त्या घरघरीत शोधतो कुठे धरता येईल.
आठ. दहा.
हात वर तसेच राहतात.
नवा पोरगा विचारतो, काका, डास?